सूचिचिकित्सा आणि मराठवाड्यांतील स्त्रियांचें घरवैद्यक

१. विषयप्रवेश

शरीरावर ठराविक स्थानीं बारीक सुया टोंचून दुखणें शमविण्याची जी चिनी विद्या ॲक्युपंक्चर या नांवानें प्रसिद्ध आहे, तिला या लेखांत आम्ही सूचिचिकित्सा म्हणूं. भारत सरकारनें २००३ सालीं तिला उपचाराची एक रीति म्हणून, व २०१९ सालीं स्वतंत्र चिकित्सापद्धति म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रानें तत्पूर्वींच २०१५ चा म्हणून ओळखला जाणारा निराळा अधिनियम करून या विद्येच्या परिषदेची तरतूद केली. घर, शेत व नोकरी असा तिहेरी भार वाहणाऱ्या स्त्रियांस आतां ही विद्या, तिच्या जोडीला दाबणें, घांसणें, पेले लावणें हे उपचार घेऊन, स्वतःची निगा राखण्याचें साधन म्हणून सुचविली जाते. नांदेड-लातूरकडील स्त्रियाहि त्यास अपवाद नाहींत.

या विद्येच्या उगमाविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एका मतानें ती सर्वस्वी परकी असून आपल्या घरांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. दुसऱ्या मतानें ती मूळची आपलीच. सुश्रुताची सुई बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला गेली व तीच आतां माघारी आली. दुसऱ्या मताच्या पुष्ट्यर्थ ‘सूचिवेद’ नांवाच्या एका प्राचीन ग्रंथाचेंहि नांव घेतलें जातें. परंतु पोथी कोणाच्या संग्रहीं आहे, तिचा लेखनशक कोणता, लेखक कोण, यांपैकीं एकहि गोष्ट त्याबरोबर पुढें येत नाहीं. हस्तलिखितांचा व्यासंग करणाऱ्यांनीं असें विधान अभिमानास्पद म्हणून स्वीकारणें योग्य नव्हे. या दोन्ही मतांची पुराव्यानें परीक्षा करावी, व मराठवाड्यांतील स्त्रियांजवळ या जातीचें स्वतःचें असें काय होतें तें नोंदवावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. सुश्रुताची सुई

प्रथम आपल्याकडील ग्रंथ पाहूं. सुश्रुतसंहितेंत वीस शस्त्रें सांगितलीं आहेत. त्यांत सूची आहे हें खरें. परंतु तिचें मुख्य काम जखम शिवणें हें आहे. शीर वेधण्याचें काम कुठारिका, व्रीहिमुख इत्यादि शस्त्रांकडे दिलेलें आहे. शारीरस्थानांत शिराव्यधाचा संपूर्ण अध्याय आहे. कोणत्या रोगांत कोणती शीर वेधावी, रक्त किती वाहूं द्यावें, कोणाच्या शिरा वेधूं नयेत, याचा तेथें सविस्तर विचार केला आहे. या सर्व विधीचा हेतु एकच, दूषित रक्त बाहेर काढणें. चिनी सूचिचिकित्सेंत रक्त काढण्याचा प्रकार क्वचित् असला, तरी तिचें मुख्य तत्त्व निराळें आहे. शरीरांत ‘ची’ नांवाची प्राणशक्ति विशिष्ट मार्गांनीं वाहते, ती सुईनें चाळवावी किंवा आवरावी, असें ती मानते.

मर्मांचेंहि असेंच. सुश्रुतानें १०७ मर्में सांगितलीं आहेत, व तींच चिनी सूचिस्थानें होत असें पुष्कळदां म्हटलें जातें. मर्माध्याय मुळांतून वाचल्यास हें साम्य टिकत नाहीं. तेथें मर्म म्हणजे घाव बसला असतां मृत्यु, व्यंग किंवा तीव्र वेदना ओढवते असें स्थान. शस्त्रवैद्यानें मर्म टाळून शस्त्र चालवावें, हा त्या अध्यायाचा उपदेश आहे. चिनी वैद्य सूचिस्थान शोधतो तें त्यांत सुई घालण्यासाठीं. आपला वैद्य मर्म शोधतो तें तेथून शस्त्र दूर ठेवण्यासाठीं. दोहोंत शरीरावरील बिंदूंची गणना आहे एवढ्यावरून एकापासून दुसरें निघालें असें ठरत नाहीं.

मराठवाड्याचा स्वतःचा वैद्यकवारसाहि मोठा आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयास असलेला वोपदेव हा केशव वैद्याचा पुत्र. ‘शतश्लोकी’ हा त्याचा औषधिकल्पांचा ग्रंथ आणि पित्याच्या ‘सिद्धमंत्रा’वरील त्याची टीका प्रसिद्ध आहेत. सिंघण यादवाच्या काळीं ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव हा काश्मीरांतून दक्षिणेंत आलेल्या घराण्यांतला. नादाचा विचार आरंभण्यापूर्वीं तोहि शरीराच्या उत्पत्तीचें व रचनेचें प्रकरण लिहितो. तेराव्या शतकांत गोदावरीच्या खोऱ्यांत शरीराचा इतका सूक्ष्म विचार चालू होता. पण त्याचा भर आहार, औषधि, स्नेहन व शोधन यांवर आहे.

३. चीनकडील पुरावा

आतां चीनकडील कागद पाहूं. येथें कागद हा शब्द अक्षरशः घेऊं नये, कारण यांतील सर्वांत जुना पुरावा रेशमी वस्त्रावर लिहिलेला आहे. हूनान प्रांतांत मावांग-दुई येथें इ. स. पू. १६८ मध्यें बंद झालेली एक कबर १९७३ सालीं उघडण्यांत आली, व तींतून वैद्यकाचीं अनेक हस्तलिखितें निघालीं. त्यांत शरीरांतील अकरा वाहिन्यांचें वर्णन आहे, बावन्न रोगांवरील तोडग्यांचा संग्रह आहे, आणि गर्भ व प्रसूति या विषयावर स्वतंत्र लेख आहे. वाहिन्यांच्या विकारांवर तेथें डाग किंवा शेक सांगितला आहे. सुई मात्र सांगितलेली नाहीं. पुढें ‘हुआंग-ती नेई-चिंग’ या संहितेंत, म्हणजे सुमारें इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांत, सुईचा विचार पूर्णपणें मांडलेला दिसतो. होपेई प्रांतांत मान-चेंग येथील, इ. स. पू. ११३ मध्यें वारलेल्या राजपुत्राच्या कबरींत १९६८ सालीं सोन्याच्या चार व रुप्याच्या पांच सुया सांपडल्या. त्या वैद्यकीय असाव्यात असें मानतात. यावरून चीनमध्यें आधीं शेक व मग सुई असा क्रम दिसतो. बौद्ध भिक्षूंचें जाणेंयेणें सुरू होण्यापूर्वींच तेथें सुई रुळली होती, हेंहि त्यावरून सिद्ध होतें.

दुसरा साक्षी तर भारतांत राहून गेलेला आहे. चिनी भिक्षु इ-त्सिंग हा ६७३ मध्यें ताम्रलिप्तीस उतरला व सुमारें दहा वर्षें नालंदेस राहिला. त्यानें स्वतः आपल्या वैद्यकाचा अभ्यास केला होता. आयुर्वेदाचीं आठ अंगें सांगतांना तो दुसऱ्या अंगाचें वर्णन मानेवरील रोगांत टोंचण्याची विद्या असें करतो. मूळ शब्द टोंचण्याचा असल्यामुळें कोणी यावरच इमला रचूं पाहील. परंतु मानेवरील रोगांचें अंग म्हणजे आपलें शालाक्यतंत्र. शलाका या उपकरणावरून त्यास तें नांव मिळालें, व मोतीबिंदूसारख्या नेत्ररोगांत शलाकेचा वेध हा त्यांतील प्रसिद्ध विधि. इ-त्सिंगचा टोंचण्याचा शब्द या शलाकेस उद्देशून आहे. तोच ग्रंथकार त्याच ग्रंथांत, सुई व डाग यांचा उपचार आणि नाडीपरीक्षा यांत जंबुद्वीपांत चीनची बरोबरी कोणी करूं शकत नाहीं, अशा अर्थाचें विधान करतो. भारतांत दहा वर्षें राहिलेल्या, वैद्यक जाणणाऱ्या आणि आपल्या देशाविषयीं मनांत मोठा आदर बाळगणाऱ्या माणसाची ही साक्ष आहे. सूचिचिकित्सा भारतांतून आली असती तर ती गोष्ट त्याच्या नजरेंतून सुटण्यासारखी नव्हती.

मग आपल्याकडून चीनला कांहींच गेलें नाहीं काय? गेलें, आणि त्याचा लेखी पुरावा आहे. पहिली वस्तु तीच डोळ्याची शलाका. वांग ताओ यानें ७५२ मध्यें सिद्ध केलेल्या मोठ्या संग्रहांत पश्चिमेकडील भिक्षूपासून शिकलेल्या नेत्रवैद्यकाचा भाग आहे, व त्यांत सोन्याच्या शलाकेनें मोतीबिंदु सारण्याचा विधि येतो. चिनी नेत्रवैद्यकाच्या एका परंपरेस तर नागार्जुनाचेंच नांव मिळालें आहे.

दुसरी वस्तु आमच्या विषयास याहून जवळची आहे. सातव्या शतकांतील वैद्य सुन सिमिआओ यानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत भारतवर्षांतील अंगमर्दनाची, ब्राह्मणांची म्हणून सांगितलेली, अठरा हालचालींची रीति नोंदविली आहे. हात एकमेकांवर चोळणें, खांदे व कंबर पिळणें, पाय लांब करून ओढणें, अशा या हालचाली. त्या ज्याच्या त्यानें स्वतः करावयाच्या आहेत. वृद्धानेंहि दिवसांतून तीन वेळां केल्यास महिन्याभरांत गुण येतो असें तो सांगतो. हाच ग्रंथकार आपल्या ग्रंथाच्या आरंभींच्या भागांत स्त्रियांच्या रोगांस पहिलें स्थान देतो. सारांश, आपली म्हणून जी गोष्ट चीनच्या कागदावर चढली ती वैद्याच्या हातची सुई नव्हे. ती आपल्या हातानें आपलें अंग सावरण्याची रीति आहे.

४. समुद्रमार्गें आलेलें चिनी औषध

देवाणघेवाण एकाच दिशेनें चालत नाहीं. चिनी औषध महाराष्ट्रांत आलें त्याचाहि माग लागतो, पण तें सोळाव्या शतकांत व समुद्रमार्गें. चोपचिनीचें मूळ त्या वेळीं पोर्तुगीजांनीं फिरंग रोगावर, म्हणजे उपदंशावर, प्रचारांत आणलें. गोव्यास राहणारा व अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परिचयाचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा संवादग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. त्यांत या चिनी मुळाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत तिला द्वीपांतरवचा असें संस्कृत नांव देऊन फिरंग रोगावर सांगितली. म्हणजे परकी वस्तु शास्त्रांत शिरली, तिला संस्कृत नांव मिळालें, व कालांतरानें ती घराघरांतील औषधांच्या डब्यांत येऊन बसली. तरी लोकांच्या तोंडीं राहिलेल्या ‘चोपचिनी’ या नांवानें तिचा मुलूख लपूं दिला नाहीं.

केवळ नांवावर विसंबूं नये हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. दालचिनींत चिनी आहे, पण उत्तम दालचिनी सिंहलद्वीपाची. कबाबचिनींत चिनी आहे, पण ती जावा बेटाकडची. दवणा ही आपल्या देवांस चैत्रांत वाहिली जाणारी वनस्पति, आणि चिनी वैद्य जिच्या वाळल्या पानांची वात करून शेक देतो ती वनस्पति, या दोन्ही एकाच कुळांतल्या आहेत. तरी एवढ्यावरून शेकाची विद्या आपली किंवा त्यांची असें कोणीं म्हणूं नये. नांवाचें व वनस्पतीचें नातें हा शोधाचा आरंभ होतो, निकाल होत नाहीं.

५. सुईचें आधुनिक आगमन

सूचिचिकित्सा आपल्याकडे आली ती आमच्या समजुतीपेक्षां फार अलीकडे. या इतिहासाचा आरंभ सोलापूर जिल्ह्याशीं जोडलेला आहे. जपानशीं लढणाऱ्या चीनच्या साह्यास राष्ट्रसभेनें पांच वैद्यांचें पथक पाठविलें. तें १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईहून निघालें. डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि डॉ. मुकर्जी व डॉ. बसु हे बंगाली वैद्य, असे त्यांत होते. १९१० सालीं सोलापुरांत जन्मलेले डॉ. कोटणीस शस्त्रवैद्य होते. रणभूमीवर शस्त्रक्रिया करीत ते तेथेंच राहिले, व ९ डिसेंबर १९४२ रोजीं होपेई प्रांतांत वारले. ज्या मान-चेंग येथें सोन्या-रुप्याच्या सुया निघाल्या तें स्थान त्यांच्या मृत्युस्थानापासून फार दूर नाहीं. दोन्ही पाओ-तिंगच्या परिसरांतलीं.

सुई मात्र त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसु यांनीं आणली. ते पुढें पुन्हां चीनला गेले, तेथें ही विद्या शिकले, व १९५९ पासून त्यांनीं कलकत्त्यास ती प्रचारांत आणली. कोटणीसांच्या नांवानें चाललेल्या स्मारकसमितीच्या कार्यांतून ती पसरली. पंजाबांत लुधियाना येथें तर त्यांच्या नांवाचें सूचिचिकित्सेचें रुग्णालयच आहे. तेव्हां आज महाराष्ट्रांत दिसणारी चिनी सुई सुश्रुताच्या काळाकडून आलेली नसून या १९३८ च्या पथकाच्या वाटेनें आलेली आहे. आमच्या मतें हा वारसा काल्पनिक प्राचीनत्वापेक्षां कमी मोलाचा नाहीं.

खुद्द चीनमध्येंहि सुईचें स्थान नेहमींच उंच नव्हतें. १८२२ मध्यें चिनी बादशहानें राजवैद्यशाळेंतून ती विद्या काढून टाकली. १९२९ मध्यें तेथील सरकारांत देशी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर राज्यानें तिला पुन्हां वर आणलें. आधुनिक परीक्षणांचा निष्कर्षहि संयत आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व कांहीं जुनाट वेदना यांत तिचा उपयोग दिसतो. परंतु खरी सुई व परीक्षेकरितां योजलेली खोटी सुई यांच्या परिणामांतील अंतर बहुधा थोडेंच निघतें. दुसरें असें कीं, सुई टोंचणें हें शिकलेल्या वैद्याचें काम. घरांतल्या घरांत करण्याजोगा भाग म्हणजे शेकणें, चोळणें, घांसणें व पेला लावणें हाच. म्हणून घरवैद्यकाची तुलना करावयाची तर ती या दुसऱ्या भागाशीं केली पाहिजे.

६. मराठवाड्याचें घरवैद्यक

ही तुलना करूं लागलों म्हणजे पदोपदीं साम्य आढळतें. त्यांतील मुख्य प्रकार येथें देतों.

काशाची वाटी. तळपायांस तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीच्या बुडानें तळवा काळा पडेपर्यंत घांसणें, हा उपचार महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. पायांची आग, डोळ्यांची जळजळ, झोंप न येणें यांवर तो करतात. दिवसभर खुरपणीं किंवा कापूस वेचणींत उभ्या-वांकल्या राहिलेल्या बाईस रात्रीं सून, लेक किंवा जाऊ वाटी लावते. चिनी घरांत चमच्यानें किंवा नाण्यानें पाठ घांसण्याची जी ‘ग्वा-शा’ नांवाची रीति आहे, तिच्याशीं याचें बाह्य साम्य आहे. मात्र चिनी रीतींत कातडीवर लाल वळ उठविणें इष्ट मानतात. आपल्याकडे स्नेह जिरविणें इष्ट मानतात. शास्त्रांत याचें मूळ पाहावयाचें तर अष्टांगहृदयाच्या दिनचर्येंत, नित्य अभ्यंग करावा, त्यांतहि डोकें, कान व पाय यांस विशेषेंकरून करावा, असें सांगितलें आहे. ज्या सूत्रस्थानांत हें येतें त्याच सूत्रस्थानावर देवगिरीच्या हेमाद्रीनें टीका लिहिली. वाटीचा मात्र शास्त्रांत त्या जागीं उल्लेख नाहीं. ती स्त्रियांनीं स्वयंपाकघरांतून उचलली.

पोटावरचा तांब्या. बेंबी सरकली असें म्हणतात तेव्हां बाईस उताणें निजवून बेंबीवर कणकेचा लहानसा पेटता दिवा ठेवतात व वर तांब्या पालथा घालतात. आंतील हवा तापून मग थंड झाली कीं तांब्या पोटास घट्ट धरतो. चिनी वैद्याचा पेला नेमका याच तत्त्वावर चालतो. रक्त काढण्याचा प्रकार निराळा. तो वैदूंच्या तुंबडीचा व शिंगाचा. सुश्रुतानें जळू, शिंग व अलाबु म्हणजे भोंपळा यांनीं रक्त काढण्यास सांगितलें आहे. तुंबडी ही तीच अलाबु. निजामाच्या राज्यांत युनानी हकीमांनीं हीच क्रिया हिजामत या नांवानें चालविली, आणि ती करणारा तो अरबी हज्जाम. मराठींत हजाम हा शब्द आज न्हाव्याचा वाचक झाला आहे, पण त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावणारा असा आहे. सुश्रुत व युनानी या दोन परंपरा एका गांवांत एकाच रोग्याच्या पाठीवर येऊन भेटल्याचें हें शब्दगत साक्ष्य होय.

डाग व बिब्बा. जळत्या हळकुंडाचा चटका, तापलेल्या विळ्याचा डाग, व बिब्ब्याच्या तेलाची रेघ हे तीन प्रकार सर्वांस माहीत आहेत. किनवट-माहूरच्या रानांत बिब्बा वाढतो. पायांस पडलेल्या भेगांत तो घालणें ही शेतकरी बायकांची नेहमींची सोय. चिनी शेकाशीं याचें नातें उष्णतेपुरतें आहे. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सुश्रुतानें अग्निकर्मास अयोग्य म्हणून जीं माणसें सांगितलीं आहेत त्यांत बालक व दुर्बल यांचा समावेश आहे. तान्ह्या मुलांच्या पोटावर डाग देण्याची चाल कांहीं ठिकाणीं होती, ती शास्त्राच्या नांवावर कोणीं खपवूं नये. शास्त्रानेंच ती निषिद्ध केली आहे. बिब्ब्यानें अंग उततें व जखमा होतात हेंहि लक्षांत ठेवावें. जुनें तेवढें हितकर असें आमचें म्हणणें नाहीं.

बाळंतिणीचा सव्वा महिना. बाजेखालीं शेगडी, ओवा व बाळंतशेपा यांची धुरी, तेल लावणें, पोट बांधणें, आणि डिंक, अळीव, सुंठ हा आहार, हें सर्वपरिचित आहे. चीनमध्येंहि प्रसूतीनंतर एक महिना स्त्रीस बाहेर न पडूं देतां ऊब व उष्ण आहार देण्याची जुनी चाल आहे. कष्टकरी स्त्रीस आयुष्यांत हक्काची विश्रांति मिळे ती बहुधा एवढीच, आणि औषधापेक्षां विश्रांतीचा हा नियमच मोलाचा होता असें आम्हांस वाटतें.

उसण. वांकून भार उचलतांना कंबरेंत उसण भरली तर पायाळू, म्हणजे जन्मतांना पाय आधीं आलेल्या, माणसाकडून कंबरेस पाय लावून घेतात. यास कोणत्याहि संहितेंत आधार शोधूं नये. पण शब्द टिपून ठेवावा. उसण, चमक, लचक, कंबर धरणें, पोटऱ्यांत गोळे येणें, हातापायांस मुंग्या येणें, या प्रत्येकांत दुखण्याची वेगळी जात सांगितलेली आहे. तिला संस्कृत पर्याय शोधूं लागलें तर बहुतेकांचा समावेश वातव्याधि या एकाच शब्दांत होतो, व भेद नाहींसा होतो.

या सर्व प्रकारांत तीन गोष्टी समान आहेत. साधन घरांतलेंच असतें. त्यासाठीं कामाचा दिवस मोडावा लागत नाहीं. आणि बहुधा एक स्त्री दुसरीचें अंग सावरते. ज्या स्त्रीस स्वतःसाठीं वेळ नव्हता, तिच्यासाठीं दुसरीनें आपल्या वेळांतून काढून दिलेला वेळ, असें या वैद्यकाचें खरें स्वरूप आहे. आजच्या जाहिरातींत स्वतःची निगा एकटीनें व विकत घेतलेल्या साधनानें राखावयाची असते. काशाची वाटीहि आतां मूठ लावून निराळ्या नांवानें बाजारांत येते. वाटी आली तरी ती धरणारा हात तिच्याबरोबर विकत मिळत नाहीं.

७. कागदांतील उणीव व संग्राहकांस विनंति

इतकें व्यापक वैद्यक आमच्या संग्रहांत कां दिसत नाहीं? पेशवेकालीन पत्रांत सरदार घराण्यांतील स्त्रियांचीं दुखणीं, वैद्यांस दिलेलीं बक्षिसें, मागविलेलीं औषधें यांचे उल्लेख येतात. शेतकरी व मजूर स्त्रियांचे येत नाहींत. त्यांचें ज्ञान तोंडीं होतें, आणि जेथें तें कागदावर उतरलें तेथें तें आम्हीच टाकून दिलें. जुन्या बाडांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर, जमाखर्चाच्या कडेस, अभंगांच्या मध्यें, मोडींत किंवा बालबोधांत दोन-चार ओळींचीं औषधांचीं टिपणें असतात. सूचि करणारा त्यांची नोंद ‘किरकोळ’ अशी करतो, व बाड फाटकें असल्यास तीं पानें आधीं जातात. मराठवाड्यांत ही हानि विशेष. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता व राज्यकारभाराची भाषा मराठी नव्हती. त्यामुळें मराठी कागद बहुतांशीं खासगी घरांत व मठांतच राहिले. पुढें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानें किल्लारीच्या आसमंतांतील लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांचीं गांवें जमीनदोस्त झालीं. माणसांच्या त्या भयंकर संहारापुढें कागदांची गोष्ट काढणें अनुचित वाटेल. पण दगडमातीच्या त्या घरांतून संदुका व दप्तरेंहि होतीं, व त्या गांवांतील जुन्या जाणत्या बायकाहि होत्या.

या वैद्यकास स्वतःचीं मापेंहि आहेत, व तीं टिपल्याशिवाय टिपण अपुरें राहतें. वैद्याच्या पोथींत आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा असतो. स्त्रियांच्या तोंडीं चिमूट, मूठ, व बाळगुटीच्या बाबतींत सहाणेवरचे वेढे असतात. हळकुंडाचा एक वेढा, मुरुडशेंगेचा एक, मायफळाचे दोन, वेखंडाचा निसटता अर्धा, अशा जातीचें तें प्रमाण मुलाचें वय व पोट पाहून बदलतें. हें वजन कोणत्याहि तराजूंत उतरत नाहीं. सहाण, दांडी व हाताचा जोर मिळून तें माप होतें.

म्हणून नांदेड-लातूरकडील संग्राहकांस आमची अशी विनंति आहे. बाडाचीं शेवटचीं पानें व कडेचीं टिपणें यांची स्वतंत्र सूचि करावी. शाई, अक्षर व लिपि यांची नोंद घ्यावी. रोगाचें नांव मूळ शब्दांतच ठेवावें, त्याचें संस्कृत करूं नये. वाचन करून दाखवून गांवांतील वृद्ध स्त्रियांकडून माप व कृति विचारावी, आणि ती कोणत्या गांवीं व कोणत्या सालीं सांगितली तें लिहावें. सांगणाऱ्या बाईची अनुमति असल्याशिवाय तिचें नांव प्रसिद्ध करूं नये. वनस्पतींच्या स्थानिक नांवांचा ताळा नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांतील जाणकारांकडून घेतां येईल. आणि जें अपायकारक ठरलें आहे त्यापुढें तसा शेरा स्पष्टपणें मारावा. जतन करणें व शिफारस करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वरील विवेचनाचें सार इतकेंच. सूचिचिकित्सा चीनची आहे, ती मराठी वाचकांस परिचित असलेल्या एका सेवापथकाच्या मार्गानें विसाव्या शतकांत भारतांत आली, व तिला सुश्रुताचा आधार नाहीं. आपल्याकडून चीनच्या ग्रंथांत जें गेलें तें डोळ्याची शलाका व अंगमर्दन. आपल्या घरांत जें राहिलें तें वाटी, तांब्या, शेक व सव्वा महिना. सूचिवेद नांवाच्या न सांपडणाऱ्या पोथीचा शोध करण्यांत जो काळ जाईल, तो घरोघर सांपडणाऱ्या, पण कोणी न वाचलेल्या, या पानांस दिला तर इतिहासाची अधिक सेवा घडेल. सांगणाऱ्या स्त्रिया वृद्ध झाल्या आहेत; कागदापेक्षां त्या आधीं जातील. इत्यलम्.